एक ओला, तर सगळे ओले

आमच्या घरात कोरडा मुलगा कुणाला बघवत नसे. बाकीच्या आया पोरांना "पाण्यात खेळू नकोस, ओला होशील" म्हणून धपाटे घालतात. माझी आई माझ्या धाकट्या भावाला, विजूला, कोरडा दिसला म्हणून धपाटा घालायची. "हात लावून बघ गं पाठीला," ती स्टोव्हपुढून ओरडायची, "वाळला का?" मी पाठ चाचपून "वाळला!" म्हटलं की स्वयंपाकघरातून एक तांब्या, मोरीतून दुसरा आणि ओट्याच्या कठड्यावरून कांताबेनचा तिसरा, असा तिन्ही बाजूंनी विजूवर हल्ला होई. कांताबेन आमची शेजारीण, वलसाडकडची. आमच्या घरात तिची निम्मी सत्ता होती. विजू तिला ओट्यावर कोरडा दिसला की ती रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी गर्जना करी, "अरे, छोकरो सुकाई गयो!" सिल्वासाजवळ डोकमर्डीतल्या आमच्या चाळीत कुणी नवीन राहायला आलं की त्याला वाटे, आजारानं पोरगं खंगलं बिचारं. तो धावत येई, आणि बघतो तर बनियनमधून पाणी निथळणारं एक टुणटुणीत पोरगं फिदीफिदी हसत उभं असे.

विजूला घाम येत नसे. कमी येई असं नाही, येतच नसे. डोक्यावर केस म्हणजे शेवरीच्या कापसाची चार बोंडं फुटावीत तसे, आणि दात उशिरा आले, ते थोडेच आणि सुळ्यासारखे टोकदार. तो तान्हा असताना नाशिकला उन्हाळ्यात त्याचं अंग तव्यासारखं तापायचं. किती औषधं झाली, सुया झाल्या, एका वैद्यानं तर मंतरलेला दोरा बांधला. तापाला काही फरक पडेना. एकदा आई त्याला मोरीच्या ओल्या फरशीवर ठेवून दूध उतरवायला गेली, आणि परत येऊन बघते तर हा गार, खुशाल हातपाय मारतोय. मग मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी भिंग घेऊन त्याचा तळहात बराच वेळ न्याहाळला, आईचे दात पाहिले, माझेही पाहिले, आणि खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "बाई, हा ताप आजाराचा नाही. याच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नाहीत. उन्हाळ्यात कुत्रं जीभ काढून धापा टाकतं, म्हैस डबक्यात बसते, आपल्याला घाम येतो. या बाळाला यातलं काही जमत नाही. तेव्हा याची म्हैस करा." आईला वाटलं, चेष्टा करतात. "आणि औषध?" तिनं विचारलं. "पाणी," डॉक्टर म्हणाले. "आयुष्यभर." बाहेर येऊन आई दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी आमच्या वडिलांना, अप्पांना, कळेना की हे हसू आहे का दुसरं काही. मला आता कळतं. इतके महिने जे मरण आहे असं वाटत होतं, ते नुसतं कोरडेपण निघालं होतं.

हे दुखणं आईकडून मुलाकडे येतं असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ती बातमी आमच्या आधी नातेवाइकांत पोचली. एका लग्नात आमची आत्या चारचौघींत म्हणाली, "आमच्या घराण्यात नव्हतं हो असलं काही." आईनं पानावरचा हात थांबवला नाही. म्हणाली, "बरोबर आहे, वन्सं. माझ्याचकडनं आलंय. त्याचं सरळ नाकही माझ्याचकडनं आलंय, ते बरं चालतं तुम्हांला." माझ्याही वरच्या जबड्यात दोन दात कधी आलेच नाहीत. हसताना ती फट दिसते. मी ती कधी बुजवून घेतली नाही आणि हसणंही कमी केलं नाही.

अप्पा नाशिकला एका कारखान्यात फिटर होते, पण फिटरपेक्षा युनियनचेच जास्त. "घामाचा दाम मिळालाच पाहिजे" ही घोषणा त्यांनी इतकी दिली होती की झोपेतही त्यांचे ओठ त्याच तालावर हलतात, असं आई म्हणे. संप मोडला, नोकरी गेली, आणि त्याच सुमारास मुलगा झाला. "संपात नाही तर नाही, घरात तरी विजय," म्हणून त्याचं नाव विजय ठेवलं. आणि नेमका त्यालाच घाम नाही! "आता याच्या दामाचं काय करता?" असं विचारून आई त्यांना छळत असे. पुढं सिल्वासाला भराभर कारखाने उभे राहू लागले, नाशिक-धुळ्याची माणसं तिकडे निघाली, तसे आम्हीही निघालो. धाग्याच्या एका कारखान्यात थंड हवेच्या यंत्रावर अप्पांना काम मिळालं. आईनं निघतानाच बजावलं होतं, "तिथं भाषण केलंत तर मी पोरांना घेऊन माहेरी, अमळनेरला." अप्पांनी शब्द पाळला. फक्त घरी जेवताना एवढं म्हणायचे, "धागा तुटू नये म्हणून धाग्याला थंड हवा. माणूस तुटला तर दुसरा मिळतो ना!" आई वरणाची वाटी त्यांच्यापुढे जरा जोरात ठेवायची, आणि भाषण तिथंच संपायचं.

वाटायची राहिलेली पत्रकं मात्र गठ्ठ्यानं आमच्याबरोबर आली होती. ती मांडणीवर पसरली होती, गरम पातेल्याखाली असत, भाकरी त्यांच्यात गुंडाळून अप्पांच्या डब्यात जाई. बाकीची मुलं ग गणपतीचा करत वाचायला शिकली, मी शिकले ते "कामगार बंधूंनो, सावध व्हा!" असं. सातव्या वर्षी मला 'दडपशाही' लिहिता येत होतं आणि 'बदक' लिहिताना अडखळायला होत होतं. अप्पांनी माझं नाव क्रांती ठेवलेलं, आणि मी ते फारच मनावर घेतलं होतं. सलग तीन दिवस भेंडीची भाजी झाली, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराला कागद चिकटवला: "भेंडीचा एकतर्फी निर्णय ताबडतोब मागे घ्या, अन्यथा होणाऱ्या परिणामांना व्यवस्थापन जबाबदार राहील." व्यवस्थापनानं लाटणं उगारलं. अप्पांनी कागद वाचला, खिशातलं पेन काढून 'ताबडतोब' खाली एक रेघ ओढली आणि आंघोळीला निघून गेले.

उन्हाळ्यातलं आमचं घर म्हणजे एक गळकं जहाज होतं. मागच्या अंगणात निळं पिंप, त्यात गळ्यापर्यंत बुडालेला विजू, आणि पिंपातून घुमत येणारा त्याचा आवाज: "ताई, माझा पाढा ऐकतेस का?" पाढे म्हणे बसून, कविता म्हणे उभ्यानं. सकाळी कारखान्यांचे भोंगे एकापाठोपाठ वाजत. विजू पिंपात तोंड घालून प्रत्येकाची नक्कल करी, आणि एकदा तर तिसऱ्या पाळीचा एक माणूस गोंधळून सायकलवर टांग टाकून निघालासुद्धा. त्याच्या दातांना भाकरी झेपत नसे. आई ती कढीत कुस्करून, लसणाची फोडणी वरून ओतून देई. मी भाकरीचा पापुद्रा कुरकुर वाजवत खाल्ला की तो चिडून माझ्यावर चूळ टाकी. पण ताडगोळ्यांचे दिवस आले की राज्य विजूचं. रांध्याकडची एक बाई टोपलीत ओल्या पानांखाली ताडगोळे घेऊन येई, आणि विजू ते गार, लुसलुशीत, पाण्यानं भरलेले गोळे एकेक करून गिळू लागला की ती कमरेवर हात ठेवून बघत राही आणि म्हणे, "पोराक् दात नाय तां बरां हाय, नायतर टोपली पन खाल."

बाजारात जायचं तर त्याची वेगळी तयारी. अप्पांनी खेरडीच्या एका शेतकऱ्याच्या ओळखीनं पिकावर औषध मारायचा पंप आणला होता, नवा कोरा, पाठीवर बांधायचा. पुढे विजू, मागे पाठीवर पंप बांधलेले अप्पा एका हातानं दांडा हलवत, दुसऱ्या हातानं त्याच्या मानेवर फवारा मारत, त्यांच्या मागे पिशव्या घेतलेली आई, आणि सगळ्यात मागे फवाऱ्याचं सुख लक्षात आलेली दोन कुत्री. "काय फिटरसाहेब, कीड लागली का पोराला?" असं कुणी विचारलं की अप्पा गंभीरपणे सांगत, "नाही, पीक चांगलं आहे, पाण्यावर आलंय." लोक हसत. आम्हीही हसत असू. लोकांनी आम्हांला हसण्याआधी आपणच हसून घ्यायचं, हा आमच्या घरचा न लिहिलेला ठराव होता. विजू आता पन्नाशीकडे झुकलाय, तोंडात छान कवळी आहे, आणि गाडीत मागच्या सीटवर बादलीत ओला टॉवेल कायम असतो. परवा एका समारंभात कुणीतरी हळहळून त्याला म्हणालं, "किती सोसलं असेल हो तुम्ही." तो म्हणाला, "मी कुठं? फरशी पुसणाऱ्यांनी सोसलं."

शाळा चौथीपर्यंत सकाळची होती, तोवर ठीक चाललं. पाचवीपासून वर्ग दुपारी, आणि वर पत्रा. विजू दर तासाला नळावर जाऊन सदरा भिजवून येई. बाक ओला, फरशी ओली, शेजारी बसणाऱ्या नाम्याच्या वह्यांची लापशी झालेली. नाम्या शिरपूरकडच्या एका कामगाराचा मुलगा, त्याची तक्रार नव्हती. गृहपाठ भिजला हे कारण त्याला वर्षभर पुरत होतं. पण मार्चमध्ये ऊन चढलं, विजूच्या नळाच्या फेऱ्या वाढल्या, वर्गशिक्षिका बाई ओल्या फरशीवरून घसरल्या, आणि हेडसरांनी आईला बोलावून घेतलं. हेडसर म्हणजे खळ घातलेला पांढरा सदरा. चालताना त्याचा कागदासारखा आवाज येई. माणूस वाईट नव्हता. "बाई, मला भीती वाटते," ते खरंच घाबरून म्हणाले. "उद्या शाळेत काही झालं तर? ऊन उतरेपर्यंत त्याला घरीच ठेवा."

"पण सर, परीक्षा पुढच्या महिन्यात आहे."

"एक वर्ष गेलं तर काय बिघडतं? कोरडा बसू शकत असेल तर जरूर पाठवा. वर्गात असं पाणी मी नाही चालवून घेऊ शकत. शिस्त आहे शेवटी."

आई घरी आली आणि कणीक मळत राहिली, इतकी की गोळा शेवटी हाताला चिकटेना. एक वर्ष गेलं तर काय बिघडतं! ऊन काय पुढच्या वर्षी येणार नव्हतं? त्याच्या पुढच्या? विजूला आज घरी बसवलं तर तो कायमचा पिंपातच राहिला असता, हे तिला कळलं होतं आणि मलाही. अप्पा म्हणाले, "मी बोलतो हेडसरांशी." आई म्हणाली, "तुम्ही बोलूच नका. तुम्ही बोललात की माणसं दगड शोधतात." विजू पिंपातून विचारत होता, "म्हणजे सोमवारी मी जायचं का नाही?" मी नववीत होते, त्याच शाळेत. माझ्या रक्तात छपाईची शाई होती आणि दप्तरात कार्बन पेपर.

पत्रक कसं लिहायचं हे मला कुणी शिकवण्याची गरज नव्हती, मांडणीवर नमुना होताच. "कामगार बंधूंनो" च्या जागी "विद्यार्थी बंधू-भगिनींनो" केलं, "सावध व्हा!" तसंच ठेवलं. "आमच्या एका सहकाऱ्याला पाण्याच्या हक्कापासून वंचित केले जात आहे. आम्हांला दया नको, नळ हवा." मूळ पत्रकात शेवटी सगळ्यांनी काळ्या फिती लावून कामावर यावं असं आवाहन होतं. काळी फीत काही आमच्याकडे नव्हती. म्हणून मी लिहिलं, "सोमवारी मधल्या सुट्टीत सर्वांनी आपले सदरे भिजवून वर्गात बसावे. एक ओला, तर सगळे ओले!" चार-चार प्रती काढून रविवारभर बोटं निळी केली. सोमवारी मी विजूला बरोबर घेऊन निघाले. आईनं दारातून पाहिलं, अडवलं नाही. फक्त त्याचा सदरा आणखी एकदा भिजवला.

माझा अंदाज होता की पाच-सहा धीट मुलं येतील. मी हे विसरले होते की मार्चची दुपार आहे, पत्र्याची शाळा आहे, आणि मी पोरांना तत्त्व म्हणून पाण्यात खेळायला सांगितलंय. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि शाळा नळावर तुटून पडली. पाचवी आली, सहावी आली, दहावीची मिसरूड फुटलेली मुलं आली. मुली ओढण्या भिजवून एकमेकींवर पिळत होत्या. "एक ओला!" नाम्या टाकीच्या कठड्यावर चढून ओरडे, आणि "सगळे ओले!" असा काही आवाज उठे की समोरच्या रस्त्यावरचे टेम्पो थांबले. ज्यांना विजू कोण हेही माहीत नव्हतं त्यांनी सगळ्यात जास्त बादल्या ओतल्या. हेडसर धावत आले, "हे काय चाललंय?" म्हणाले, आणि कुणीतरी नेम न धरता फेकलेला एक मग बरोबर त्यांच्या खळीवर बसला. तो कडक सदरा अंगावर लपकन बसला आणि आत माणूस केवढासा आहे ते दिसलं. मी पायरीवर उभी होते, आणि मला वाटलं, नाशिकला जे अप्पांना जमलं नाही ते मी जमवलं.

मग नळानं एक ढेकर दिली आणि तो बंद पडला.

टाकी रिकामी झाली होती. लाईट सकाळीच गेलेली, त्यामुळे मोटर चालणार नव्हती. ज्याच्यासाठी सगळी शाळा ओली झाली, तोच एकटा भिजायचा राहिला होता. गर्दीत त्याला नळापर्यंत कुणी पोचूच दिलं नव्हतं. विजू शिरीषाच्या झाडाखाली बसला होता, लाल, आणि गप्प. आमच्या घरी विजू बोलत असला तर सगळं ठीक असे; तो गप्प झाला की आई हातातलं टाकून धावे. मी पाठीला हात लावला. वाळला होता, तापला होता. "पाणी आणा!" मी ओरडले. पाणी कुठं होतं? हेडसरांनी ऑफिसमधला माठ स्वतः उचलून आणला आणि त्याच्या डोक्यावर ओतला. तो कधीच तळाला गेला होता, तांब्याभरच निघालं.

"माझा सदरा घे ना, ताई," नाम्या म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता काढलाही. तो थबथबलेला होता. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाणी संपलं नव्हतंच, ते सगळ्या शाळेच्या अंगावर होतं! पोरांनी भराभर सदरे उतरवले, मुलींनी ओढण्या दिल्या, आणि पाच-सात जणांनी ते सगळं विजूवर एकदम लादलं. "एकावर एक टाकू नका!" मी खेकसले. "गाठोडं करताय का त्याचं? एक पांघरा, तापला की काढा, दुसरा द्या. आणि वारा घाला!" मग रांग लागली. उघडी पोरं एकामागे एक ओला सदरा देत होती, तापलेला परत घेत होती. वह्यांनी, पाट्यांनी, माझ्या पत्रकांनी वारा चालला होता. बाई त्याच्या पायांवर ओढणी पिळत होत्या, आणि हेडसर, स्वतःचा सदरा काढून बनियनवर, हजेरीच्या मस्टरनं त्याच्या तोंडावर वारा घालत पुटपुटत होते, "बोल रे बाळा, काहीतरी बोल."

बराच वेळ तसा गेला. मग त्या ओल्या कापडाखालून बारीक आवाज आला. "सर, यातला एक सदरा फार घाण वास मारतोय."

सगळी शाळा हसली. हेडसर हसले, आणि हसता हसता डोळे पुसायला खिसा शोधू लागले, पण खिसा सदऱ्याबरोबर विजूच्या पोटावर होता.

अप्पांना कारखान्यातून बोलावलं. ते आले तेव्हा शाळेच्या कुंपणावर सदरे वाळत होते आणि पोरं उघडीबंब बसून पाढे म्हणत होती. "तुमच्या मुलीनं शाळेत संप केला," हेडसर म्हणाले. अप्पांनी पत्रक घेतलं, उभ्याउभ्या वाचलं. "टाकीत पाणी किती आहे ते आधी बघायचं असतं," ते मला म्हणाले. एवढंच. मग हेडसरांकडे वळून, आईला दिलेला शब्द मोडावा तर आज, अशा चेहऱ्यानं त्यांनी खुर्ची ओढली. "मागणी एकच आहे, साहेब. बसा, बोलू." तडजोड व्हायला चहाचे दोन कप लागले. विजूचा बाक व्हरांड्यात, नळापाशी. त्याच्यासाठी एक भरलेली बादली, तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि परीक्षेला त्यानं ओलं बसायचं. मला दोन दिवस वर्गाबाहेर उभं राहायची शिक्षा झाली. ती मी मान ताठ ठेवून भोगली, कारण वर्गाबाहेर म्हणजे व्हरांडा, आणि व्हरांड्यात विजू होता.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी हेडसरांनी स्वतःच्या घरचं तांब्याचं घंगाळ रिक्षातून आणवलं. बायकोच्या माहेरचं होतं म्हणे. ती बरीच बोलली असणार. विजू त्यात मांडी घालून बसला. पुढ्यात आडवी फळी, तिच्यावर उत्तरपत्रिका, खांद्यावर हात पुसायला कोरडा पंचा. घंटा झाली की हेडसर हातातली छडी बगलेत धरून येत, एक तांब्या त्याच्या मानेवर ओतत आणि "चालू दे" म्हणून पुढे जात. पत्र्याखाली घामाच्या धारांत पेपर लिहिणारी पाचवी खिडकीतून ते बघत होती.

दुसऱ्या दिवशी पेपर सुरू व्हायच्या आधी नाम्या आणि त्याच्या मागे निम्मा वर्ग ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काय रे?" हेडसरांनी विचारलं.

"सर," नाम्या म्हणाला, "आम्हांलापण घाम येत नाही."

हेडसर उठले. त्याच्या कपाळावरून एक बोट फिरवलं आणि ते निथळणारं बोट त्याच्या नाकापुढे धरलं. "मग हे काय आहे?"

नाम्यानं बोटाकडे नीट पाहिलं. "उन्हानं पातळ झालो, सर," तो म्हणाला.